लांबोबा: पहिला की दुसरा?

तीर्थरूप काकांना,

तुमच्या धाकट्या (आणि तुम्हीच म्हणता तसं, स्वतःच्या चहात साखर घालतानाही इकडेतिकडे बघणाऱ्या) पुतणीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा वळत असेल, रात्रीची झोप लागत असेल आणि काकू तुम्हाला शिडीवर चढू देत नसतील, असं धरून चालते. धरून चालणं मला जमत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा खरं काय ते कळवा. इकडे आई ठीक. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, पण ठीक. दादा-वहिनी ठीक. आत्याच्या नावापुढे 'ठीक' लिहायला गेले आणि खोडलं, आणि त्या खाडाखोडीपायीच हे पत्र आहे. पण ते एकदम सांगून टाकलं तर तुमचा माझ्याविषयी वाईट ग्रह होईल. (सगळं सविस्तर सांगितलं तरी होईल, पण मग तो निदान पूर्ण माहितीवर होईल.)

तर, आत्याची जुनी रेकॉर्डिंगं एकत्र करून त्यांचा एक संच काढायचं एका कंपनीच्या मनात आलं. कंपनी म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि एक गृहस्थ. हे गृहस्थ फोनवर 'हॅलो' म्हणायच्या आधी 'ठरलं का?' म्हणतात, म्हणून घरात त्यांचं नाव घाईवाले पडलं आहे. बाकी सगळं आत्याने ठरवून दिलं. अडलं ते फक्त लांबोबापाशी. (लांबोबा म्हणजे आत्या पियानोवर वाजवते तो लांबलचक सोनाटा. हे नाव तुम्हीच ठेवलंत असं बाबा म्हणतात, आणि आत्या म्हणते तिने. दोघांनीही माझ्याकडून दुजोरा मागितला होता, पण तेव्हा मी जन्मलेलीच नव्हते, म्हणून मी दिला नाही.) लांबोबा तिने दोनदा रेकॉर्ड केला. एकदा पंचविशीत, एकदा साठी उलटल्यावर. संचात जागा एकालाच. घाईवाल्यांनी ठरवायचं तिच्यावर सोपवलं आणि तिने महिनाभर काहीच सांगितलं नाही.

मग एक दिवस ती आमच्या चष्म्याच्या दुकानात आली. स्वरलिपीच्या पाच रेघा तिला सहा दिसायला लागल्या होत्या. मी तिला खुर्चीत बसवलं, नाकावर ती जड गोल चौकट चढवली आणि एकेक भिंग घालत-काढत माझं नेहमीचं सुरू केलं: हे पहिलं, हे दुसरं, कुठलं बरं? पुन्हा बघ, पहिलं, दुसरं? आत्याला तुम्ही ओळखता. तिसऱ्या खेपेलाच ती कावली. "अगं बये, सारखं मलाच काय विचारतेस? शिकलीस ना तू?" मी म्हटलं, "आत्या, तुझे डोळे आहेत, मी कसं सांगणार?" त्यावर ती चौकटीतून माझ्याकडे बघत राहिली. एका डोळ्यावर भिंग, दुसऱ्यावर काळी झाकणी. मग तिने पिशवीतून दोन सीड्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. "बरं, मग आता तू बस खुर्चीत. पहिला की दुसरा, तू सांग. माझेच कान आहेत ते, मीच दिलेत तुला." मी नको नको म्हणत होते. ती म्हणाली, "आणि मला खूश करायला सांगू नकोस. खूश करणारे घरात पुष्कळ आहेत."

हे शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं. दुसऱ्या कुणाला ते वाऱ्यावर सोडता आलं असतं. पण मला वाचायला यायच्या आधी तिने तिच्या पियानोपाशी बसवून सूर ओळखायला शिकवलं आहे. आई अक्षरं शिकवायची, बाबा पाढे घ्यायचे आणि आत्या चूक शिकवायची. म्हणजे मी चुकले की ती 'चुकलीस' म्हणायची नाही, 'कुठे?' म्हणायची, आणि ते मला शोधून काढेपर्यंत उठता यायचं नाही. पुढे खऱ्या शाळेत गेले तेव्हा सगळी मुलं उत्तर आल्यावर हात वर करायची. मी चूक सापडल्यावर करायची. बाईंना त्याचा फार त्रास झाला.

इथे जरा माझ्या धंद्यातलं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. नंबर काढताना आम्ही एक युक्ती करतो. समोरचा माणूस खरंच बघतोय की नुसता बोलतोय हे तपासायचं असेल, तर तेच भिंग काढून पुन्हा तेच घालायचं आणि विचारायचं, आता? प्रामाणिक माणूस म्हणतो, सारखंच दिसतंय. बाकीचे म्हणतात, वा, आता कसं छान! दुसरी गोष्ट अशी की माणसं, विशेषतः तरुण, नेहमी ज्यातून अक्षरं जास्त काळी आणि कोरीव दिसतात ते भिंग पसंत करतात. पुष्कळदा ते गरजेपेक्षा जास्त ताकदीचं असतं. तो चष्मा घालून माणूस दुकानातून खुशीत जातो आणि संध्याकाळी कपाळ धरून बसतो. त्यांना त्या भिंगापासून वाचवणं हे माझं काम. यात मी चांगली आहे असं आमचे मालक म्हणतात. (मालक सगळ्यांनाच म्हणतात, पण मला दोनदा म्हणाले.)

तर मी घरच्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. एकट्या माझ्या कानांवर विसंबणं योग्य वाटेना. सुट्टीच्या दिवशी दुपारी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बसवलं, सीडी लावायचं यंत्र चादरीआड ठेवलं, आणि लांबोबाचा मधला संथ भाग आधी 'पहिलं' म्हणून आणि मग 'दुसरं' म्हणून ऐकवला. दोन्ही वेळा एकच सीडी होती. माझा हेतू इतकाच होता की आधी कोण प्रामाणिकपणे ऐकतं ते कळावं आणि मग खऱ्या प्रश्नाला त्यांचीच मतं घ्यावीत. पण बाबांनी डोळे मिटून सांगायला सुरुवात केली, की पहिल्यात नुसता उत्साह आहे, दुसऱ्यात आयुष्य बघितलेल्या बाईचा हात आहे, प्रत्येक सुरामागे एक सोसलेपण आहे. दादा म्हणाला, छे, उलट, दुसरंच पोरकट आहे, पहिल्यात वजन आहे. दोघांचं जुंपलं. दादा म्हणाला, "बाबा, तुम्हाला म्हातारं झालं की सगळंच खोल वाटतं." बाबा म्हणाले, "आणि तुला जे कळत नाही ते पोरकट." वहिनी म्हणाली, तिला पहिल्यात जास्त छान झोप लागली. आईने बराच विचार केला आणि म्हणाली, "मला तर बाई दोन्हीत आपला पंखाच ऐकू आला. त्याला तेल हवंय."

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. कुणीही शहाणं माणूस बसलं असतं. पण खोटेपणा मनात घेऊन चहा प्यायचं मला जमेना, म्हणून मी चादर बाजूला केली आणि सगळं सांगितलं. दादा हसून हसून लोळला. (तोही तितकाच फसला होता, हे त्याच्या लक्षातच आलं नाही.) बाबा मात्र उठून गॅलरीत गेले आणि अजून माझ्यापुरते तिथेच आहेत. जेवताना मीठ हवं असेल तर आईला म्हणतात, "तुझ्या लेकीला विचार, हे पहिलं मीठ की दुसरं." परीक्षेला बसणारे उरलेच नाहीत, त्यामुळे ती तिथेच संपली. प्रामाणिक अशी एकटी आई निघाली, पण तिला पियानो ऐकूच आला नव्हता.

उरले मी. दार लावून घेतलं आणि दोन्ही लांबोबा आलटूनपालटून ऐकले. काका, पहिला फार सुंदर आहे, हे मी कबूल करते. काय ती बोटं! एकेक सूर कोरून ठेवल्यासारखा, कुठे धूळ नाही. संथ भागाच्या सुरुवातीला कुणीतरी घसा खाकरतं, ते तुम्ही. तेव्हा तिची पानं तुम्ही उलटत होतात. (आत्याचा तो नेम अजून तसाच आहे. रचना तोंडपाठ असली तरी पान समोर हवं आणि ते उलटायला घरचंच माणूस हवं. परक्याच्या श्वासाने तिचा ताल चुकतो म्हणे.) तुम्ही खाकरलात, पण पान वेळेवर उलटलंत. त्या वळणावर, जिथे उजव्या हाताला एकदम वर झेप घ्यायची असते, तिथे ती अशी सुसाट निघून जाते की ऐकणाऱ्याचा श्वास मागे राहतो.

दुसऱ्याच्या वेळी पानं उलटायला मी होते. तेव्हा तिचं उजव्या हाताचं चौथं बोट नीट वळत नव्हतं. त्या बोटाचे सूर तिने शेजारच्या बोटांना वाटून दिले होते, काही डाव्या हातालाही. ही वाटणी बसवायला तिला किती दिवस लागले ते मी पाहिलं आहे. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्या वळणावर मी तिच्या हाताकडे बघत राहिले आणि पान उलटायला विसरले. आत्या थांबली. एक क्षणच. मी घाईने पान उलटलं, त्याचा फर्र असा आवाज झाला, आणि मग तिने ती झेप घेतली. झेप कसली, कुणीतरी झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण सारखं करावं तसा तो सूर ठेवला. काका, त्या थांबण्यापाशी मला दर वेळी रडू येतं. त्या एका क्षणासाठी मी सगळा पहिला लांबोबा देऊन टाकीन.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? मला जो क्षण आवडतो तो माझी चूक आहे. त्यात माझ्या हातातल्या कागदाचा आवाज आहे. तो मला सुरांमुळे आवडतो, की त्यात मी आहे म्हणून? आत्यावरच्या मायेने, की त्या दिवसाच्या आठवणीने? मी स्वतःवर आमची युक्तीही करून पाहिली. दादाला चादरीआड बसवून म्हटलं, मला न सांगता कुठलीही सीडी लाव. पण कागद फर्र वाजला की मला कळायचंच. शेवटी मनाशी म्हटलं, ज्या खटल्यात आपण स्वतः हजर आहोत त्याचा निवाडा आपण द्यायचा नाही. द्यायचाच झाला तर आपल्या विरुद्ध द्यायचा, म्हणजे निदान पक्षपात तरी होणार नाही. तेव्हा मला हे फार मोठेपणाचं वाटलं. आज लिहिताना वाटतंय, मी कोरीव अक्षरांचं भिंग निवडलं आणि पुन्हा त्याला न्याय म्हटलं.

आत्याकडे गेले तेव्हा पियानो उघडा होता, स्टँडवर लांबोबाच उघडून ठेवलेला. ती स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होती. मी वाटेत घोकलेलं भाषण उभ्या उभ्या म्हटलं. पहिला. कारण तो स्वच्छ आहे. ती म्हणाली, "स्वच्छ?" मी म्हटलं, हो. तिने चहा गाळला आणि मग अगदी माझ्या दुकानातल्या आवाजात विचारलं, "नक्की? पुन्हा एकदा बघायचं?" काका, ती माझ्यासाठी दार उघडं ठेवत होती, हे मला आता कळतंय. तेव्हा मला वाटलं ती माझी परीक्षा घेते आहे, आणि परीक्षेत उत्तर बदलणं मला कधीच जमलेलं नाही. मी म्हटलं, नक्की. "बरं," ती म्हणाली, "मग झालं." तिथेच घाईवाल्यांना फोन केला. ते 'ठरलं का' म्हणाले असावेत, कारण ती फक्त "पहिला" एवढंच म्हणाली. मग बाहेरच्या खोलीत जाऊन तिने पियानोचं झाकण लावलं आणि दोरीवरून काढलेले कपडे घड्या घालायला त्याच्यावर ठेवले. तिच्या पियानोवर साधं पेनही ठेवायची आपल्यात कुणाची छाती नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मी चहा पिऊन निघाले. बिस्किटाला नको म्हटलं, त्याचीही टोचणी लागून राहिली आहे.

मागच्या आठवड्यात तिचा पियानो सुरात लावणारे दुकानात आले. मला वाटलं चष्मा दुरुस्त करायचा असेल. ते काउंटरपाशी घुटमळले आणि म्हणाले, "तुमच्या आत्याबाई बऱ्या आहेत ना? या खेपेला येऊ नका म्हणाल्या. पुढे कळवते म्हणाल्या. इतक्या वर्षांत कधी नाही म्हणाल्या नव्हत्या." मी त्यांना काय सांगणार? आई सांगते की कपड्यांची चळत अजून झाकणावरच आहे, फक्त कपडे बदलतात. सकाळचा रियाज बंद आहे. विचारलं तर म्हणते, "जिचं काम होतं तिने ते पंचविशीतच करून ठेवलंय. मी आता कशाला उगाच लुडबुडू?" हे ती हसत म्हणते, असं आई म्हणते. तुमच्या ताईचं ते हसणं तुम्हाला माहीत आहे.

एवढंच. काकूंना नमस्कार सांगा. तुमच्याकडच्या मांजरीलाही सांगा, मागच्या वेळी तिच्या खुर्चीत मी न विचारता बसले होते.

तुमची उत्तर चुकलेली,
पुतणी

ता. क. : खरं तर या पत्राला कारण असं की तुम्ही आत्याला एक फोन करावा आणि 'दुसरा' म्हणावं. मी आता काहीही म्हटलं तरी तिला वाटेल की मी समजूत काढते आहे. बाबांच्या मताची किंमत मीच घालवून बसले. तुम्ही पहिल्याच्या वेळी तिथे होता, तुमचा घसासुद्धा त्यात आहे, त्यामुळे तुम्ही दुसरा म्हणालात तर तो पक्षपात धरला जाणार नाही. दुसऱ्याची सीडी सोबत पाठवते आहे.

ता. क. २ : पण आधी ऐका. ऐकून खरोखर दुसराच बरा वाटला तरच फोन करा. पहिला बरा वाटला तर तिला करू नका, मला करा. मला कुणीतरी रागावायला हवंच आहे, आणि बाबा बोलत नसल्यामुळे ते तिकडून होत नाही.

ता. क. ३ : पाकीट चिकटवलेलं फाडून हे लिहिते आहे. आत्ताच आत्याचा फोन आला होता. नव्या चष्म्याची काडी कानामागे टोचते, एवढंच तिचं म्हणणं. मी काडीबद्दल सांगायला लागले आणि कसं कोण जाणे, कागदाच्या आवाजासकट सगळं सांगून बसले. ती म्हणाली, "म्हणजे तुला दुसरा आवडला होता." हो. "आणि सांगितलास पहिला." हो. "का?" मी म्हटलं, कारण दुसऱ्यात मी आहे. त्यावर ती म्हणाली, "अगं, त्या जागेचं आणखी एक रेकॉर्डिंग होतं. लगेच पुन्हा केलं होतं, तू वेळेवर पान उलटलंस ते. चांगलं स्वच्छ होतं. ते मीच नको म्हटलं." मला ते आठवतच नव्हतं. मी म्हटलं, मला वाईट वाटू नये म्हणून? "तुझं मन राखायला मी माझा सोनाटा बिघडवीन? इतकी चांगली आत्या नाहीये मी. तुझं पान अडलं म्हणून मी थांबले, आणि थांबल्यावर कळलं की इतकी वर्षं मी तिथून उगाच पळत सुटत होते."

मी विचारलं, घाईवाल्यांना अजून सांगता येईल का? ती म्हणाली, तिने काल सहज विचारलं होतं. सगळं छापून झालंय. (काका, आत्या सहज काही विचारत नाही.) मी रडायला लागले तर म्हणाली, "पुरे. या रविवारी ये. झाकणावरचे कपडे कपाटात ठेवायला कुणीतरी हवंय." मी म्हटलं, लांबोबा वाजवशील? म्हणाली, "बोटं पार आखडलीत आता. दुसऱ्यासारखा यायचा नाही. तिसराच काहीतरी होईल."

तेव्हा काका, फोनचं राहू द्या. पत्र तरीही पाठवते. नाही पाठवलं तर वर लिहिलेलं मी तुमच्यापासून लपवलं असं होईल. सीडीही तशीच सोबत आहे, दुसरा लांबोबा आता बाहेर कुठे मिळायचा नाही. सवडीने ऐका. आणि दोघांतला कुठला बरा, ते कृपा करून मला कळवू नका.